घाटाचा राजा

मुंबई-पुणे सायकल शर्यतीची परंपरा १९४५ सालापर्यंत मागे जाते. पण खरी शर्यत मुंबईला सुटत नाही. ती सुटते खोपोलीला! तोवर मंडळी थव्याने येतात, एकमेकांच्या पाठीशी दडून. यात लबाडी मुळीच नाही. पुढचा गडी वारा अंगावर घेतो, मागच्याचे पाव हिस्सा तरी श्रम वाचतात. म्हणून पाळीपाळीने पुढे व्हायचे, असा रिवाज. (पाळी चुकविणारे महाभाग असतातच. ते गणपतीच्या वर्गणीतही भेटतात.)

२००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, पण तिथे सायकलला मज्जाव. तेव्हा वाट जुन्याच बोरघाटाची. इथे आडोसा संपतो. वेग मंदावला की वाऱ्याचे ओझे जाते आणि उरते स्वतःचे वजन. ते सुमारे साडेपाचशे मीटर वर न्यायचे! शिंग्रोबाच्या देवळापाशी कोणी टाळी दिली की नवखा चेकाळतो, आणि पुढच्याच वळणावर पोटरीत गोळा. मुरलेला गडी हलका गिअर टाकतो अन् मान खाली घालून श्वास मोजतो. पहिला वर पोचेल तो 'घाटाचा राजा'. मग पुण्यात तो विसावा का येईना!

आणि हे राजे बहुतेक हौशी. सोमवारी कचेरीत हजर. तेव्हा वहिनी, चिरंजीवांनी पहाटे चारला उठून केळी मागितली तर कुरकुर नको. ब्रेक तपासलेत का, तेवढे मात्र विचारा. लोणावळ्यापुढे थवा पुन्हा जमतो, वेग वाढतो, आणि एकाचे चाक दुसऱ्याला लागले की दहाजण आडवे.