टेकडीच्या कुशीतले नाट्यगृह

म्हैसूरच्या कलामंदिराच्या आवारात ‘रंगायन’चे ‘वनरंग’ आहे. डोक्यावर छप्पर नसलेला हा रंगमंच पाहिला, की ग्रीकांची आठवण होते. त्यांची नाटकेही उघड्यावरच होत, तीही भर दिवसा!

ग्रीक लोक आधी चांगला उतार शोधत. अथेन्समध्ये अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर प्रेक्षक बसत आणि खालच्या सपाट जागेत गाणारा-नाचणारा समूह, म्हणजे कोरस, उभा राही. या जागेचे नाव ‘ऑर्केस्ट्रा’. आज हा शब्द वाद्यवृंदाला चिकटला आहे, पण मूळ अर्थ नाचण्याची जागा. मागे वेष बदलण्यासाठी राहुटी असे, ती ‘स्केने’. इंग्रजीतला ‘सीन’ तिच्यातूनच आला. लाकडी बाके जाऊन दगडी पायऱ्या आल्या त्या पुढे, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात.

त्याच शतकातले एपिडॉरसचे नाट्यगृह आजही उभे आहे. पायऱ्यांच्या ५५ ओळी, प्रेक्षक बारा ते चौदा हजार! ते आहे आरोग्यदेव अस्क्लेपिओसच्या तीर्थात, जिथे रोगी बरे व्हायला येत. मध्यभागी टाचणी पडली तरी शेवटच्या ओळीत ऐकू येते, असे वाटाडे सांगतात. २०१७ मध्ये डच संशोधकांनी मोजमाप केले तेव्हा ही अतिशयोक्ती ठरली. तरीही ध्वनिवर्धकाशिवाय नट बोलतो आणि हजारो लोक ऐकतात, हे काय थोडे झाले?

म्हैसूरची ग्रीकांशी ओळख ‘रंगायन’च्याही आधीची. महाराजा कॉलेजात इंग्रजी शिकवणारे बी. एम. श्रीकंठय्या यांनी सोफोक्लिसच्या ‘अ‍ॅजॅक्स’वरून १९२९ मध्ये कन्नड ‘अश्वत्थामन्’ लिहिले. निवड मार्मिक होती. अपमानाने पेटलेला अ‍ॅजॅक्स भ्रमात शत्रू समजून गुरे कापतो; अश्वत्थामा झोपलेल्या पांडवपुत्रांना मारतो. मात्र अ‍ॅजॅक्स स्वतःच्या तलवारीवर जीव देतो आणि आपला अश्वत्थामा तर चिरंजीव! हे दोघे एका साच्यात बसवणे सोपे नव्हतेच.

दुसरी अडचण कोरसची. पडद्याच्या चौकटीतल्या रंगमंचावर हा समूह नटांमागे दाटीने उभा राहतो, त्याला फिरायला जागाच नसते. ब. व. कारंत यांनी १९७२ मध्ये बेंगळुरूत पी. लंकेश यांनी कन्नडमध्ये आणलेला ‘ईडिपस’ बसवला, तो उघड्यावर. यक्षगानाच्या मुलखात वाढलेल्या या माणसाला मोकळे अंगण नवे नव्हते. १९८९ मध्ये म्हैसूरला ‘रंगायन’ सुरू झाले, तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडेच आली.