मोटारीतील मित्र

पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा १७ वर्षांच्या आरोपीवर, त्याच्या धनाढ्य घराण्यावर आणि ३०० शब्दांच्या निबंधाची अट घालणाऱ्या बाल न्याय मंडळावर साऱ्या महाराष्ट्राने टीका केली. ती अनाठायी नव्हती. दोषादोष ठरविणे हे न्यायालयाचे काम. परंतु त्या मोटारीत मित्रही बसले होते, याचा विचार व्हावा तितका झाला नाही. अशा रात्री किल्ली फिरते त्या क्षणी वडील निजलेले असतात आणि पोलीस दूरच्या चौकात असतात. हजर असतो तो फक्त मित्र.

या सोबतीचे सामर्थ्य मोठे आहे. अमेरिकेतील गार्डनर व स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पडद्यावरची मोटार चालविणारी किशोरवयीन मुले एकटी असता जपून वागली. समवयस्क शेजारी येताच अधिक धोका पत्करू लागली. प्रौढांत तसे आढळले नाही. ज्याच्या नुसत्या बसण्याने वेग वाढतो, त्याच्या ‘मी उतरतो’ या दोन शब्दांचा काहीच परिणाम होणार नाही, हे आम्हांस पटत नाही.

मग तो बोलत का नाही? भेकड ठरण्याची भीती असतेच. पण दुसरे कारण वडीलधाऱ्यांनी पुरविले आहे. ‘चुगली करू नकोस’ ही शाळामास्तरांची जुनी आज्ञा. पेन्सिल कोणी पळविली हे सांगणे आणि दारू प्यालेला मित्र गाडीवर बसतो आहे हे सांगणे, यांतील भेद आपण मुलांना कधी समजावून दिला? ‘काका, याला न्यायला या,’ असा रात्री अकराला फोन करणाऱ्या मुलाचीच उलटतपासणी होते: तू तेथे काय करीत होतास? पुढच्या वेळी तो फोन करीत नाही.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन चालकाच्या पालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड ठेवला. मित्राने काय करावे, हे मात्र कायदा सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक पालकाने आपल्या मुलाच्या चार मित्रांना आजच सांगून ठेवावे, की कोणत्याही वेळी फोन करा. त्या रात्री एकही प्रश्न विचारला जाणार नाही. विचारावयाचे ते दुसऱ्या दिवशी विचारता येईल.