दोष शोधणे हाही प्रयोगच

विद्यार्थिमित्रहो, हल्लीच्या पुष्कळ गाड्यांना किल्ली कुलपात घालून फिरवावी लागत नाही. हातातील किल्लीवरची कळ दाबली की दारे उघडतात. एखाद्या सकाळी ती उघडली नाहीत, तर बहुतेक जण 'किल्ली बिघडली' म्हणून नवी मागवतात. कारण न शोधता वस्तू बदलण्याची ही सवय आपल्या शिक्षणातूनच लागते, असे मला वाटते.

किल्लीत एक चिमुकला रेडिओ-प्रेषक असतो. आपल्याकडे त्याची कंपनसंख्या बहुधा ४३३.९२ मेगॅहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर असते. तो सांकेतिक संदेश पाठवतो, गाडीतील ग्राहक तो पडताळतो आणि दारातील मोटर कुलूप उघडते. सेल, प्रेषक, हवेतील मार्ग, ग्राहक, मोटर अशी ही साखळी आहे. तिची कोणती कडी तुटली, हे हत्यार न लावताही बरेचसे कळते.

दुसरी किल्ली वापरून पाहा. ती चालली, तर दोष पहिल्या किल्लीत. दोन्ही चालत नसतील, तर गाडीचे दिवे लागतात का ते पाहा. न लागल्यास गाडीचीच बॅटरी उतरली असेल. गाडी दुसऱ्या जागी नेताच किल्ली चालू लागली, तर पहिल्या जागी अन्य रेडिओ लहरींचा अडथळा असावा. एकच दार अडले असेल, तर त्या दाराची मोटर किंवा तार तपासा. किल्ली जवळून चालते, पण दुरून चालत नाही, असे असल्यास सेलचा संशय घ्या.

हा सेल बहुधा सीआर २०३२, ३ व्होल्टचा असतो. मल्टीमीटर लावला, तर दुबळा सेलही ३ व्होल्टच्या जवळपास दाब दाखवू शकतो, कारण मल्टीमीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही. समजा, प्रेषक १० मिलिअँपिअर घेतो. सेलचा अंतर्गत रोध १० ओहम असेल, तर आत ०.१ व्होल्ट खर्च होतो. तोच रोध १०० ओहम झाला की १ व्होल्ट आतच जातो आणि प्रेषकाला २ व्होल्टच मिळतात. तुम्ही पाठ केलेला ओहमचा नियम तो हाच!

आपल्या प्रयोगशाळेत मात्र उपकरणे आधीच जुळवलेली असतात आणि उत्तरही ठाऊक असते. दिवा लागला नाही की विद्यार्थी साहाय्यकाला हाक मारतो. तो तार बदलतो आणि शिकण्याची संधी निघून जाते. शिक्षकमित्रांना माझी सूचना अशी : प्रत्येक सत्रात एक प्रयोग मुद्दाम बिघडवलेल्या मंडलाचा ठेवा. तुटकी तार, थकलेला सेल, सैल जोड, काहीही चालेल. दुरुस्ती झाली की नाही यापेक्षा वहीत लिहिलेल्या तर्काच्या क्रमाला अधिक गुण द्या.

'वेळ कोठे आहे?' असे कोणी विचारील. अभ्यासक्रम मोठा आहे, हे खरेच. पण चांगले गुण मिळवून महाविद्यालयात आलेली मुले मंडल बंद पडताच हात बांधून उभी राहतात, हे मी नेहमी पाहतो. त्यासाठी एक तासिका काढणे महाग नाही.

मित्रहो, घरी चारचाकी नसली तरी अडत नाही. बंद पडलेली विजेरी किंवा दूरचित्रवाणीचा रिमोट घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय घडेल असे वाटते, ते चाचणीपूर्वीच लिहून ठेवा. बटणासारखे चपटे सेल मात्र लहान भावंडांपासून दूर ठेवा. ते गिळणे प्राणघातक ठरू शकते.