संत्र्यावरील बुरशी आणि निदानपरिवर्जन

नागपुरी संत्र्याची तोडणी सुरू झाली की पेट्यांतील हिरव्या बुरशीची तक्रारही सुरू होते आणि बागायतदार वैद्यांकडे 'आयुर्वेदिक उपाय' मागतात. लवंग, ओवा, दालचिनी ही नावे मग चटकन ओठांवर येतात. आमच्या मते औषधाचे नाव घेण्यापूर्वी निदानाचा विचार झाला पाहिजे.

पेनिसिलियम डिजिटॅटम ही बुरशी अखंड सालीतून फळात शिरत नाही. तिला जखम लागते. नखाचा ओरखडा, देठ ओढल्याने निघालेला सालीचा टवका, पेटीचा खिळा एवढे तिला पुरते. सुमारे 25 अंश सेल्सिअस तापमानात ती झपाट्याने वाढते आणि एका सडक्या फळावर कोट्यवधी बीजाणू तयार होतात. म्हणून देठ कात्रीने कापणे, दंवाने ओली फळे न तोडणे, पेट्या स्वच्छ व गुळगुळीत ठेवणे आणि सडके फळ तत्काळ दूर नेणे हाच येथील पहिला उपचार होय. आपल्या परिभाषेत हे निदानपरिवर्जनच.

त्यानंतर सौम्य उपाय येतात. खाण्याच्या सोड्याचे सुमारे 3 टक्के द्रावण, तसेच सुमारे 50 अंशांच्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटांची बुडवणी यांनी सड कमी होते. मात्र त्यांचे संरक्षण दीर्घकाळ टिकत नाही.

लवंगेतील युजेनॉल व ओव्यातील थायमॉल प्रयोगशाळेत बुरशीची वाढ रोखतात, हे खरे. परंतु मात्रा वाढली की तेच तेल साल भाजते आणि फळाला स्वतःचा वास लावते. शिवाय सुगंधी ते सारे बुरशीनाशक, हे समीकरणही टिकत नाही. संत्र्याच्या सालीतील लिमोनिन या बुरशीच्या बीजाणूंना उलट अंकुरण्यास चालना देते.

तरीही हा विषय आपण सोडून देता कामा नये. इमॅझॅलिल, थायाबेंडाझोल यांसारख्या बुरशीनाशकांचा अंश मुख्यतः सालीतच राहतो आणि त्यांना न जुमानणारे बुरशीचे प्रकारही आढळले आहेत. सुश्रुतसंहितेने मातुलुंगाची साल तिक्त, दुर्जर आणि कृमी, वात व कफ यांचे शमन करणारी सांगितली आहे. लिंबूवर्गीय फळांची साल जो औषध म्हणून देतो, त्याने ती कशात बुडवून आली हे विचारलेच पाहिजे.

वैद्यबंधुभगिनींनी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेसारख्या ठिकाणच्या शास्त्रज्ञांसह मात्रा, काळ व सालीवरील परिणाम तपासावेत आणि प्रक्रिया न केलेल्या फळांशी तुलना करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. तोवर बागायतदारास तेलाची बाटली देण्याऐवजी कात्री घेण्याचा सल्ला द्यावा. त्याचा हंगाम आपल्या शब्दावर अवलंबून असतो.