प्रवेशअर्जाचे सोंग

हल्ली सुशिक्षित कुटुंबांत एक नवा संस्कार रूढ होऊ पाहत आहे. मुंजीचे वय टळून गेले तरी हरकत नाही. पण नववीचा वर्ग लागला की मुलाचे ‘प्रोफाइल’ बांधावयास घेतलेच पाहिजे! पुण्या-मुंबईकडचे हे खूळ आता साताऱ्यास व सांगलीसही येऊन पोहोचले आहे. परदेशांतील अनेक विद्यापीठे, आणि त्यांच्या धर्तीवर निघालेली आपल्याकडील काही खासगी विद्यापीठे, केवळ गुणांवर प्रवेश देत नाहीत. विद्यार्थ्याचा निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि वर्गाबाहेर त्याने काय केले याचा तपशील मागतात. या मागणीत गैर काहीच नाही. गैर आहे ते आपण तिला दिलेले उत्तर. विद्यार्थ्याने काय केले, असा प्रश्न असता, त्याने काय केले असे दाखवावे, याच खटपटीस आपण लागतो.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपले वाडवडील म्हणत. त्यांस काय ठाऊक, की पुढे पैशाच्या जोरावर सेवेचेही सोंग आणता येईल! सल्लागारास शुल्क भरावे. त्याने सुचविलेल्या खेड्यात दोन दिवस जाऊन झाडे लावावीत, छायाचित्र काढावे, प्रमाणपत्र घ्यावे. झाड जगले की नाही हे पाहावयास पुन्हा कोणी जात नाही. निबंध सल्लागार लिहितो, शिफारसपत्राचा मसुदाही तोच पुरवितो. गेल्या वर्षी असाच एक मसुदा एक पालक आमच्यापुढे सहीसाठी घेऊन आले. त्यांच्या कन्येने 2019 च्या कृष्णेच्या महापुरात पूरग्रस्तांच्या मदतीचे नेतृत्व केले, असे त्यात होते. त्या ऑगस्टमध्ये ही मुलगी फार तर अकरा वर्षांची असावी! सही न घेताच गृहस्थ परतले. रागावून परतले, हे सांगावयास नकोच.

यावर पूर्वपक्ष असा की, “जग असेच चालते, सारेच करतात, आमच्याच मुलाने मागे का राहावे?” जग कोठवर चालते तेही पाहावे. अमेरिकेत 2019 साली विल्यम सिंगर नावाच्या सल्लागाराचा कारभार उघडकीस आला. जी मुले तो खेळ खेळतच नव्हती, त्यांस खेळाडू ठरवून त्याने नामांकित विद्यापीठांत घुसविले होते. जानेवारी 2023 मध्ये त्यास साडेतीन वर्षांची कैद झाली; लाच देणारे धनाढ्य आईबापही तुरुंगात गेले. परंतु पकडले जाण्याचे भय हा आमचा मुख्य मुद्दा नव्हे. सतरा वर्षांच्या मुलास त्याचे आईबापच शिकवितात की, करुणा ही रकान्यात भरावयाची वस्तू आहे. हा अपराध कोणत्याही न्यायालयात चालत नाही, आणि त्याची शिक्षा जन्मभर पुरते.

दुसरी बाजू याहून शोचनीय आहे. अमेरिकेतील शेकडो विद्यापीठे ‘कॉमन अॅप्लिकेशन’ नावाचा जो सामायिक अर्ज वापरतात, त्यात उपक्रमांसाठी दहाच रकाने असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनास दीडशे अक्षरांची मर्यादा. त्या उपक्रमांच्या यादीत वेतनावर केलेले काम आणि घरची जबाबदारी यांनाही मानाचे स्थान आहे. पहाटे धार काढून डेअरीस दूध घालून शाळेत येणारा माणदेशातला मुलगा, सांगलीच्या हळदीच्या बाजारात बापाचे हिशेब लिहिणारी मुलगी, आजारी आजीचे सारे करणारी थोरली बहीण, यांच्यापाशी त्या रकान्यांत लिहिण्याजोगे खरे काही आहे. पण हे ‘कार्य’ होय, असे त्यांस कोणी सांगितलेलेच नाही! ज्यांनी काही केले नाही त्यांचे रकाने भरतात. ज्यांनी केले त्यांचे कोरे राहतात. हा अन्याय परदेशातल्या कोणा अधिकाऱ्याने केलेला नाही, आपणच केला आहे.

आमच्या भागास याची लाज अधिक वाटावयास हवी. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत नाव घातलेला, वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागलेला एक मुलगा 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. डॉ. आंबेडकरांचे ‘प्रोफाइल’ कोणी बांधले नव्हते. होता तो बडोद्याच्या शिष्यवृत्तीचा आधार आणि अखंड वाचन. 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या भाऊराव पाटलांनी पुढे साताऱ्यास वसतिगृह चालविले, तेव्हा मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र मोडले. त्याचे प्रमाणपत्र त्यांनी कोणाकडे मागितले? ‘कमवा व शिका’ ज्या मातीत रुजले, तेथील मुलांनी श्रमाचा देखावा विकत घ्यावा, यापरते दैवदुर्विलसित कोणते?

मग तयारी करूच नये काय? अवश्य करावी, पण अर्जाची नव्हे, माणसाची. नववीपासून एकच काम आवडीने धरावे आणि तीन वर्षे सोडू नये. कासच्या पठारावरील फुलांची दर हंगामी नोंद ठेवावी. आपल्या गावच्या विहिरींची पातळी दरमहा मोजावी. भिलार हे 2017 पासून पुस्तकांचे गाव झाले आहे, तेथे जाऊन केवळ छायाचित्र न काढता पुस्तके वाचावीत. तारखेसह वही ठेवावी, त्यात फसलेले प्रयत्नही लिहावेत. निबंध स्वतःच लिहावा. इंग्रजी अडत असेल तर आधी मराठीत लिहावा, कारण विचार मराठीत स्पष्ट नसेल तर इंग्रजीत तो उसनाच येणार. ज्या शिक्षकाने आपणास चुकताना व सुधारताना पाहिले आहे, त्याच्याकडेच शिफारस मागावी. असा अर्ज भरावयास एक संध्याकाळ पुरते, आणि प्रवेश नाकारला गेला तरी तीन वर्षे वाया जात नाहीत.

शिक्षकबंधूंस आमचे एवढेच मागणे आहे की, न पाहिलेल्या गुणांखाली सही करू नये, आणि जो मुलगा लाजून मागे बसतो त्यास आठवड्यातून एक तास जवळ बोलावून, तू घरी काय करतोस, हे विचारावे. पालकांस मागणे याहून कठीण आहे. आपल्या मुलाने जे केले नाही, त्या जागी रकाना कोरा ठेवण्याचे धैर्य त्यांनी दाखवावे. कोरा रकाना फार तर एका विद्यापीठाचे दार बंद करील. खोटा रकाना मुलाच्या मनातील जे दार बंद करतो, ते मागाहून उघडणे कोणत्याही विद्यापीठाच्या हाती नाही.