शेवटच्या घराचा वाली कोण?

रस्ते, पाणी आणि वीज या सोयी नगरातील प्रत्येक घरास मिळाल्या पाहिजेत, याविषयी आज कोणी वाद घालीत नाही. इंटरनेटची गणना मात्र अद्याप या पंक्तीत झालेली नाही. वस्तुतः नोकरीचा अर्ज, मुलांचा गृहपाठ, डॉक्टरांची वेळ, इतकेच नव्हे तर मायदेशी राहिलेल्या वृद्ध आईवडिलांचे मुखदर्शन, हे सारे आता याच वाटेने होते. ज्या घरापर्यंत ही वाट पोहोचत नाही, ते भरवस्तीत असूनही गावकुसाबाहेरच राहते. म्हणूनच ही सोय कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या अटींवर उभारावी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपविण्यासारखा नाही, अशी आमची धारणा आहे.

या देशात नगरपालिका आणि खासगी कंपन्या यांच्या भागीदारीचे अनेक प्रयोग झाले. त्यांपैकी फिलाडेल्फियाचा प्रयोग सर्वांत गाजला. २००४ साली महापौर जॉन स्ट्रीट यांनी १३५ चौरस मैलांच्या या नगरावर बिनतारी जाळे पसरविण्याचा संकल्प जाहीर केला आणि २००५ साली अर्थलिंक या कंपनीची निवड झाली. नगराने दिव्यांचे खांब वापरू द्यावेत, कंपनीने स्वखर्चाने त्यांवर यंत्रे बसवावीत आणि गरीब कुटुंबांना महिना सुमारे १० डॉलरमध्ये सेवा द्यावी, अशी ती योजना होती. नगराच्या तिजोरीस तोशीस नाही, गरिबांची सोय आणि कंपनीस ग्राहक, असा तिहेरी लाभ सर्वांना दिसत होता.

प्रत्यक्षात खांबावरून निघालेल्या लहरी विटांच्या भिंती ओलांडून घरात नीट पोहोचेनात. अधिक यंत्रे बसवावी लागली, खर्च वाढला. ग्राहक मात्र अपेक्षेइतके आले नाहीत. मे २००८ मध्ये कंपनीने हे काम सोडत असल्याचे जाहीर केले. पुढे २००९ च्या अखेरीस नगरपालिकेने ते जाळे २० लाख डॉलरना विकत घेतले, तेही मुख्यतः आपल्या कामकाजासाठी. सॅन फ्रान्सिस्कोत तर २००६ साली गूगल आणि अर्थलिंक यांची निवड होऊनही जाळे उभे राहिलेच नाही. ऑगस्ट २००७ मध्ये अर्थलिंकने माघार घेतली.

येथे कंपनीला दूषणे देऊन काही साधणार नाही. नफा पाहणे हा व्यापाराचा धर्मच आहे. उणीव होती ती भागीदारीच्या मांडणीत. ज्या नगराने स्वतःचे काहीच पणास लावले नाही, त्यास हिशेब बिघडल्यावर हुकमाने काही मागताही आले नाही. मिळालेली सवलत हा उपकार होता, हक्क नव्हे. आणि उपकारकर्ता केव्हाही उठून जाऊ शकतो.

मिनिआपोलिसने निराळा मार्ग धरला. २००६ साली एका स्थानिक कंपनीशी करार करताना नगरपालिका स्वतःच मोठी ग्राहक झाली आणि दरसाल साडेबारा लाख डॉलरची सेवा दहा वर्षे घेण्याचे तिने मान्य केले. कंपनीस निश्चित उत्पन्न मिळाले आणि वंचित वस्त्यांतील संगणकशिक्षणासाठी निधी राखून ठेवण्याची अट नगरास घालता आली. १ ऑगस्ट २००७ रोजी मिसिसिपी नदीवरील महामार्गाचा पूल कोसळला, तेव्हा हेच अपुरे जाळे मदतकार्यास उपयोगी पडले.

टेनेसी राज्यातील चॅटनूगा याहून पुढे गेले. तेथील नगराच्या मालकीच्या विद्युत मंडळाने प्रकाशतंतूंचे जाळे घराघरांत नेले आणि २०१० साली आपल्या क्षेत्रात सर्वत्र एक गिगाबिट वेगाची सेवा देऊ केली. २०२० साली टाळेबंदीने शाळा घरात आल्या, तेव्हा याच मंडळाने शाळाखाते आणि खासगी देणगीदार यांच्या सहकार्याने सुमारे २८,००० गरजू विद्यार्थ्यांसाठी किमान दहा वर्षे विनामूल्य सेवेची योजना आखली. हे मंडळ टेनेसी खोरे प्राधिकरणाची वीज वाटते. त्याच प्राधिकरणाचा आदर्श ठेवून भारतात १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. त्या योजनेचा पाया मजूरमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घातला होता, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.

भागीदारी वाईट नाही. चॅटनूगातही देणगीदार होतेच. परंतु जाळे नगराचे होते आणि मुदत ठरलेली होती. केवळ अनुदानावर विसंबणेही धोक्याचे. दरमहा ३० डॉलरपर्यंत साहाय्य देणारी केंद्र सरकारची योजना २ कोटी ३० लाख कुटुंबांपर्यंत पोहोचली होती. निधी संपताच २०२४ साली तीही संपली.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज ही सोय आहे. तथापि, आपण सुखरूप पोहोचलो म्हणून मागे राहिलेल्यांची वाट कोणी पाहू नये, अशी शिकवण आपणांस कोणी दिलेली नाही. आपल्या नगरात असा करार येईल तेव्हा जाहीर सुनावणीस अवश्य जावे. मताधिकार नसलेल्या रहिवाशांनाही तेथे सामान्यतः बोलता येते. तीन प्रश्न विचारावेत: सर्वांत गरीब वस्तीत जाळे केव्हा पोहोचणार? सवलतीचा दर किती वर्षे बांधलेला आहे? आणि कंपनी निघून गेल्यास जाळे कोणाचे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे करारात लेखी असतील, तरच शेवटच्या घरास वाली आहे असे म्हणता येईल.