मोबाईलनं शब्द दिला, आता गावानं ऐकून घ्यावं

विश्लेषण : आपल्यासारख्या माणसांच्या गोष्टी फोनवर सापडल्यानं तृतीयपंथी आणि समलिंगी तरुणांची स्वतःकडे बघायची नजर बदलते आहे. ही नजर टिकणार की नाही, हे मात्र घरात आणि गावात ठरतं.

तृतीयपंथी म्हटलं की मुंबई-पुण्याचा सिग्नल, रेल्वेचा डबा नाहीतर टोलनाका डोळ्यांपुढे येतो. आकडे वेगळंच सांगतात. २०११ च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला पहिल्यांदाच ‘इतर’ हा पर्याय आला. त्यात देशभरात सुमारे ४ लाख ८८ हजार माणसांची नोंद झाली, तर महाराष्ट्रात ४० हजार ८९१ जणांची. देशातल्या या माणसांपैकी जवळपास दोन तृतीयांश माणसं ग्रामीण भागात राहणारी होती.

म्हणजे हा विषय शहराचा नाही. तो वाडी-वस्तीवरचा आहे, झेडपीच्या शाळेतला आहे, तालुक्याच्या कॉलेजातला आहे. फक्त गावात त्याच्याबद्दल बोललं जात नाही. बोललं गेलंच तर चेष्टेनं.

घरात शब्दच नव्हता

एखाद्या पोराची चाल वेगळी असली, त्याला बहिणीची ओढणी आवडली, की गावाकडे त्याला नाव ठेवायला वेळ लागत नाही. ‘बायल्या’ हा शब्द दुसरी-तिसरीतल्या पोरांनाही पाठ असतो. पुढे ‘छक्का’ येतो. मुलगी असेल तर ‘पोरासारखी वागते’ म्हणून आधी कौतुक होतं आणि वयात आली की लग्नाची घाई सुरू होते. ज्याला हे सगळं ऐकावं लागतं, त्याच्याकडे स्वतःसाठी दुसरा शब्दच नसतो. शिवी हेच आपलं नाव, असं त्याच्या मनात बसतं.

गावानं अशा माणसांना कधीच जागा दिली नाही, असंही नाही. कोल्हापूर, सांगली, सोलापूर पट्ट्यात यल्लम्माला सोडलेले जोगते आहेत. तमाशात नाच्या होता. ‘जोगवा’ (२००९) आणि ‘नटरंग’ (२०१०) या सिनेमांनी ही आयुष्यं गावोगाव पोचवली. पण ती जागा ठरलेली होती. परडी घ्या, नाहीतर फडावर उभे राहा. शिकायचं, नोकरी करायची, आई-बापाजवळ राहायचं आणि तरीही स्वतःसारखं जगायचं, अशी जागा त्यात नव्हती. मान मिळाला तो देवीच्या नावानं मिळाला, माणूस म्हणून नाही.

फोन आला आणि गोष्टी आल्या

मराठीत या विषयावर लिहिणारी माणसं आधीपासून होती. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि समलैंगिकतेबद्दल साध्या मराठीत पुस्तकं लिहिली. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन २०१२ मध्ये आलं. पण तालुक्याच्या ठिकाणी असलं पुस्तक मिळायचं कुठं? मिळालं तरी घरात ठेवायचं कुठं?

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि ही अडचण निम्मी संपली. श्रीगौरी सावंत आणि त्यांनी सांभाळलेल्या मुलीवरची एक जाहिरात २०१७ मध्ये यूट्यूबवरून फिरली. ज्यांनी कधी तृतीयपंथी माणसाशी दोन शब्द बोलले नव्हते, त्यांनीही एका आईची गोष्ट म्हणून ती पाहिली. दिशा पिंकी शेख यांच्या फेसबुकवरच्या लिखाणाला मोठा वाचक मिळाला. पुढे ‘कुरूप’ हा त्यांचा कवितासंग्रह आला आणि २०१९ मध्ये त्या एका राजकीय पक्षाच्या राज्य प्रवक्त्या झाल्या.

अशा गोष्टींनी नेमकं काय होतं? पहिलं म्हणजे शब्द मिळतो. पारलिंगी, समलिंगी, तृतीयपंथी हे शब्द शिवीसारखे फेकले जात नाहीत. दुसरं, ‘जगात असा मी एकटाच’ हा गैरसमज मोडतो. तिसरं सगळ्यात मोठं. पुढचं आयुष्य दिसायला लागतं. आपल्यासारखं कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी पार्लर चालवतंय, कुणी निवडणूक लढवतंय, हे दिसलं की मरणाचे विचार करणारं पोर उद्याचा विचार करायला लागतं.

आणि नुसतं बघून भागत नाही. रात्री उशिरा कुणीतरी एक मेसेज टाकतं : ‘मला पण असंच होतं.’ पलीकडून उत्तर येतं. स्वतःला स्वीकारायची सुरुवात बहुतेक वेळा भाषणातून होत नाही, ती अशा दोन ओळींतून होते.

पण गावात ‘अनोळखी’ कुणी नसतं

शहरातला मुलगा खोटं नाव घेऊन बोलला तर खपून जातं. गावात बऱ्याच घरांत एकच चांगला फोन असतो. तो भावाकडं, बापाकडं फिरतो. काय शोधलं, काय पाहिलं, ते तसंच राहतं. स्टेटस ठेवलं तर ते सगळी भावकी बघते. एका रात्रीत मिळालेला धीर दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर चर्चेचा विषय होऊ शकतो.

त्यातून ब्लॅकमेलिंगचा धंदा उभा राहतो. ओळख वाढवायची, भेटायला बोलवायचं, फोटो काढायचे आणि ‘घरी दाखवतो’ म्हणून पैसे उकळायचे. यात अडकलेला माणूस पोलिसांत जात नाही. तक्रार केली तर गुन्हेगाराआधी आपलंच नाव गावभर होईल, ही भीती असते. लुबाडणाऱ्याला हीच भीती हवी असते.

दुसरा धोका रीलचा. आठवडी बाजारात किंवा एसटी स्टँडवर टाळी वाजवणाऱ्या माणसाचा न विचारता व्हिडिओ काढायचा, वर विनोदी संगीत लावायचं आणि टाकून द्यायचं. खाली शेकडो हसरे चेहरे. जे पोर आदल्या रात्री श्रीगौरी सावंत यांची मुलाखत ऐकून सावरलेलं असतं, तेच पोर हे हसरे चेहरेही मोजतं. माणूस तोच आणि फोनही तोच असतो. फरक इतकाच की एका ठिकाणी गोष्ट त्या माणसानं स्वतः सांगितलेली असते, दुसऱ्या ठिकाणी ती त्याच्याकडून ओढून घेतलेली असते.

तिसरी गोष्ट, ही जागा भाड्याची आहे. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. कारण राष्ट्रीय सुरक्षेचं होतं. पण ग्रामीण भागातल्या ज्या कलाकारांनी तिथं ओळख कमावली होती, त्यांचे प्रेक्षक एका रात्रीत गेले. नुसत्या फोनवर उभा केलेला आधार असा जाऊ शकतो.

कायद्यानं काय दिलं

सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींच्या ओळखीला मान्यता दिली. ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा कलम ३७७ चा भाग रद्द झाला. २०१९ चा तृतीयपंथी हक्क संरक्षण कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्या कायद्यात छळाला सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड अशी तरतूद आली. शारीरिक मारहाणीबरोबर शाब्दिक आणि मानसिक छळाचाही त्यात समावेश केला गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या ओळख प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्जाची सोय झाली.

फोनवरच्या गोष्टींचा इथं थेट उपयोग झाला. प्रमाणपत्र असं काही असतं, हे कळायला कुणीतरी आधी ते काढलेलं असावं लागतं आणि कसं काढलं ते सांगावं लागतं. कागदाला सरकारी किंमत आहे, पण तो काढायला जाण्याचा धीर दुसऱ्याच्या अनुभवातून येतो.

गावानं ऐकलं तेव्हा

२०१७ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच म्हणून निवडून दिलं. तृतीयपंथी व्यक्ती सरपंच होण्याची राज्यातली ती पहिलीच वेळ मानली जाते. जानेवारी २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा अर्ज बाद झाला होता. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, न्यायालयानं परवानगी दिली आणि गावानं त्यांना सदस्य म्हणून निवडून दिलं.

ही दोन्ही गावं कुठल्या ट्रेंडमुळं बदलली नाहीत. मत देणाऱ्यांनी उमेदवाराला रोज पाहिलेलं होतं. त्याचं बोलणं ऐकलेलं होतं, त्याची कामं माहिती होती. ओळखीच्या माणसाला बिल्ला लावता येत नाही.

न्यायालयातही असंच घडलं. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे दोन तरुणींनी पोलीस संरक्षण मागितलं. या विषयावर स्वतःची समज कमी आहे, हे मान्य करून न्यायमूर्तींनी समुपदेशकाकडे सत्र घेतलं, समाजातल्या माणसांचं ऐकलं आणि मग आदेश दिले. ‘उपचार करून बदलवतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरांवर कारवाईचा मुद्दा त्या आदेशात होता. त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे ‘उपचार’ व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. पोराला मांत्रिकाकडे किंवा अशा डॉक्टरकडे नेणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवायला हवं.

आता काम गावाचं

फोननं त्याचं काम केलं आहे. शब्द दिला, सोबती दाखवले, उद्याचं चित्र दाखवलं. पण स्वतःला स्वीकारणं ही एकट्यानं रजईत करायची गोष्ट नाही. आई एकदा ‘तू माझंच लेकरू आहेस’ म्हणाली, तर हजार लाईकपेक्षा ते जास्त टिकतं. आणि बाप एकदा ‘घराची अब्रू घालवलीस’ म्हणाला, तर हजार लाईक कामाला येत नाहीत.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. वर्गात ‘बायल्या’ ऐकू आलं की शिक्षकानं तिथंच थांबवायला हवं. न विचारता काढलेली रील ग्रुपवर आली तर पुढं ढकलू नये. ब्लॅकमेलिंगची तक्रार घेताना ठाणे अंमलदारानं ‘तिथं गेलाच कशाला’ हा प्रश्न गिळावा. पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हाच आहे, समोरचा कुणीही असो. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर घरबसल्याही तक्रार नोंदवता येते. मन फारच खचलं असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

गावातलं एखादं पोर आज कुणाच्या तरी गोष्टीला ‘मला पण असंच होतं’ म्हणून उत्तर देत असेल. ते वाक्य त्याला घरात म्हणता यावं, हे मोबाईलच्या रेंजवर ठरणार नाही. ते समोर बसलेलं माणूस ऐकून घेतं की नाही, यावर ठरेल.